नागुबाईची सहा लुगडी

रानातल्या जनावरांनी हिवाळा कसा काढायचा, याची सोय आमच्या गावात एकट्या दगडोबानं केली. त्यालाही ते उशिराच कळलं.

नायगावच्या अलीकडं ओढ्याकाठी त्याचा हरभरा. घाटे भरले की रानडुकरं येणार, हे ठरलेलं. म्हणून त्यानं घरातली पेटी उघडली आणि बायकोची सहा जुनी लुगडी नेऊन शेताभोवती बांधली. गोधडीसाठी नागुबाईनं ती दोन वर्षं जपली होती.

"आवं, माझी गोधडी कुटं बांधताय?"

"तसंबी पेटीत पडूनच हायती की. माणसाच्या वासाला डुक्कर येत न्हाई."

"मंग तुमीच हुबं ऱ्हावा तितं. तुमचा वास लई लांब जातो."

दगडोबा हलला नाही. शेतातली वेळ अमावस्येची पूजा झाली, थंडी वाढली. घरात घोंगडी एक आणि ओढणारी माणसं दोन.

त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी पाहतात तर तीन लुगडी गायब. हरभऱ्याचा ओढ्याकडचा कोपरा नांगरून ठेवलेला.

"चोरानं नेली," दगडोबा म्हणाला.

"व्हय. आन् जाता जाता हरभरा खाऊन गेला."

काट्यांना अडकलेल्या चिंध्या बघत दोघं ओढ्यातल्या वेड्या बाभळीपाशी गेले. आत डुकरीण आडवी पडलेली. खाली गवत, गवतावर लुगडी, पोटाशी सात पिल्लं. माणसाचा वास तिला चांगलाच मानवलेला दिसत होता.

दगडोबानं काठी उगारली. डुकरीण उठून उभी राहिली. काठी आणि एक चप्पल तिथंच सोडून दगडोबा बांधावर पोचला. नागुबाई त्याच्या आधीच पोचली होती.

"बाळंतीण हाय," ती धापा टाकत म्हणाली. "हिरवं लुगडं तिलाच खुलून दिसतंय."

"आता काय करावं गं?"

"तिची सोय झाली. माझी मी बघते."

घरी येऊन तिनं दगडोबाचे लग्नकार्यात बांधायचे तीन फेटे काढले, उरलेल्या तीन लुगड्यांवर अंथरले आणि सुईत दोरा ओवला.

"आगं, माझे फेटे हायत ते."

"तसंबी पडूनच हायती की."

त्या हिवाळ्यात आमच्या शिवारात गारठ्यानं एकही जीव दगावला नाही. डुकरीण नागुबाईच्या लुगड्यात, नागुबाई दगडोबाच्या फेट्यात. आणि लुगड्यांनी राखण होत नाही हे पटल्यामुळं, दगडोबा हरभऱ्यात. स्वतःचा वास घेऊन.