निळा ठिपका

बायको गेली आणि वेल्डर मेहुणीकडे ध्यानाला बसू लागला. पडदे ओढून, डोळे मिटून आतला उजेड पाहायचा, मग आतलाच नाद ऐकायचा. बायकोनं उभा जन्म हेच केलं. जाताना म्हणाली होती, "आधी निळा ठिपका दिसतो हो. तिथंच असेन मी."

पहिल्याच संध्याकाळी त्याला ठिपका दिसला. निळा, कडेनं जांभळा, थरथरता. त्याचा जीव भांड्यात पडला. पण सुट्टीच्या दिवशी ठिपका येईना. रुसली की काय? मग कामावरून निघण्याआधी तो तोंडावरची काच वर सारून वेल्डिंगच्या झोताकडे उघड्या डोळ्यांनी बघून घेऊ लागला. उजेडाला उजेडच बोलावतो, अशी त्यानं मनाची समजूत घातली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपे. दृष्टी जाईल, म्हणून डॉक्टरनं दम भरला. याचं आपलं चालूच.

"भावजी, डोळ्यांचे टोमॅटो कशानं झाले?" मेहुणीनं विचारलं.

"कांदा चिरला."

"तुम्ही? ताईला कधी पाण्याचा पेला तरी भरून दिलात का?"

तो हसला, आणि हसता हसता सगळं सांगून बसला. मेहुणी त्याच्यासमोर येऊन बसली.

"मिटा डोळे. आहे ठिपका?"

"आहे की."

"बुबुळं डावीकडं न्या."

ठिपका डावीकडं सरकला. उजवीकडं नेली, तर मुकाट उजवीकडं आला.

"आतला उजेड असा डोळ्यांमागं फरफटत येत नाही, भावजी. हा तुमच्या झोताचा डाग आहे. विझेल."

"मग तिला काय दिसायचं गं?"

"कधी रंग, कधी नुसतं धुकं. कधी म्हणायची, दिसत काहीच नाही, पण उजेड आहे हे कळतं. मला तर दिसतच नाही, नुसता नाद येतो. ज्याचं त्याचं वेगळं असतं."

त्यानं डोळे उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांआड ठिपका निळ्याचा राखाडी झाला, राखाडीचा पुसट, आणि गेला. तिला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं झालं. गालावर ओल आली, ती त्यानं पुसली नाही. आता पुढं सगळा काळोख होता, ना रंग, ना कड.

बराच वेळ गेला. मेहुणीनं हलकेच विचारलं, "काय दिसतंय?"

"काही नाही," तो म्हणाला. "पण उठवत नाही."