जिन्यावरची चूक

संग्रहालयाच्या जिन्याला सात पायऱ्या होत्या आणि भिंतीवरच्या चित्रात पायरीगणिक एक जण वर निघालेला. सर्वांत खाली चिंपांझी, सर्वांत वर ताठ मानेचा माणूस. शाळेची सहल आली की मुलं वरच्या पायरीवर फोटोसाठी एकमेकांना कोपरं मारत. संग्रहालयातल्या मानववंशशास्त्राच्या बाईंना ते बघवत नसे. सिनेमा, जाहिराती, पाठ्यपुस्तकं, सगळ्यांनी उत्क्रांतीची रांग लावून ठेवली आहे, म्हणून त्या भाषणांतून सगळ्यांच्या नावानं बोटं मोडत. एक गोष्ट मात्र त्यांनी कधी सांगितली नव्हती. हे चित्र तीस वर्षांपूर्वी त्यांनीच काढवून घेतलं होतं. नवी नोकरी, भिंत मिळाली जिन्याची, पायऱ्या आयत्याच होत्या, आणि त्यांनी एकेका पायरीवर एकेक पूर्वज चढवून टाकला.

शनिवारी बाई निवृत्त होणार होत्या, आणि त्याच आठवड्याच्या सोमवारी पेंटर आला, तेच चित्र नव्यानं रंगवायला. म्हणजे बाई घरी बसणार आणि त्यांची चूक आणखी तीस वर्षं भिंतीवर राहणार.

संचालकांकडे त्यांनी गाऱ्हाणं नेलं. "बाई, लोक त्या फोटोसाठी तर येतात," संचालक म्हणाले. "नाहीतर आपल्याकडे आहे काय, मडक्यांचे तुकडे?"

बाई हिरमुसून जिन्यात येऊन बसल्या. पेंटर चिंपांझीचा जुना रंग खरवडत होता.

"बाई, हा आपला पणजोबा ना?"

"नाही हो, चुलत भाऊ. फार मागं गेलं तर त्याचा नि आपला पूर्वज एक. पुढं वाटा वेगळ्या झाल्या. तोही आजचाच, आपणही आजचेच."

"आणि हा मधला?"

"तो लांबचा चुलत आजोबा म्हणा. त्याचा वंश पुढं चाललाच नाही."

पेंटरचा हात थांबला. "म्हणजे चुलत भावाला पणजोबा केलं आणि ज्याला मूलबाळ नाही त्याला बाप. कुणाचं डोकं हे?"

बाईंच्या ओठावर नेहमीचं उत्तर आलं होतं, जुन्या संचालकांचं. ते बिचारे वारले होते, उलटून बोलणार नव्हते.

"माझं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

पेंटर हसला नाही. त्यानं खालच्या दालनातल्या लांब, कोऱ्या भिंतीकडे बघितलं. "मग तिथं घरच्यांचा फोटो काढू की. सगळे शेजारीशेजारी. मधे जागा सोडू, येईल त्याला."

बाई तशाच वर गेल्या. "साहेब, ती चूक माझी आहे," त्यांनी सांगितलं. "जायच्या आधी मला पुसू द्या." संचालकांनी एवढंच विचारलं, "फोटो निघेल ना?"

"जास्त माणसं मावतील," बाई म्हणाल्या.

शनिवारी पहिली सहल आली तेव्हा जिना पांढराशुभ्र होता आणि खालच्या भिंतीवरचा रंग अजून ओलसर वास मारत होता. एक मुलगी धावत जाऊन चित्रातल्या मोकळ्या जागेत उभी राहिली, दोन्ही कोपरं बाहेर काढून. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग कोपरं खाली आली.

"अगं, ये ना तू पण," तिनं मागच्या मैत्रिणीला हाक मारली. "इथं खूप जागा आहे."

बघता बघता अख्खा वर्ग आत शिरला. बाईंचे डोळे भरून आले. संचालक फोटो काढायला पुढं झाले आणि शिडीवरून पेंटर म्हणाला, "बाई, तुम्हीही जा. चुलत भावाशेजारी जागा आहे."

बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि त्या चिंपांझीला खेटून उभ्या राहिल्या.