एक वीत कमी

तुम्ही पूल बांधलात, आणि त्याखालून काय जायचं आहे हे कुणालाही विचारलं नाहीत. विचारलंत म्हणता? नगरपालिकेच्या टेबलावर महिनाभर वही ठेवली होती म्हणता? ठेवली होती खरी. त्या वहीत गिल्दास केरब्राची सहीसुद्धा आहे. परवा तीच तुम्ही त्याच्या नाकासमोर नाचवलीत.

"हे बघा काका," खिडकीपलीकडची पोरगी म्हणाली, "अक्षर तुमचंच ना? 'पूल चांगला आहे. उघडायला माणूस मात्र ठेवा.'"

"मग? कुठाय तो माणूस?"

"अहो, तो उघडत नाही. नुसता पायी चालायचा पूल आहे."

गिल्दास तिच्याकडे बघतच राहिला. फ्रान्समधल्या ब्रेताञच्या या किनाऱ्यावर बंदराच्या तोंडावरचा पूल बोटींसाठी उघडतो, हे शेंबडं पोरही जाणतं. न उघडणारा पूल कुणी तिथे घालेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. म्हणून त्याने सही केली. मोजणीचे साहेब आले तेव्हा पट्टी धरून घोटाभर पाण्यात हाच उभा होता!

एकतीस वर्षं त्याने नौकाविहार क्लबची लाँच चालवली. शनिवारी शहरातून डॉक्टर, वकील यायचे, त्यांची कुत्री, वाइनच्या पेट्या यायच्या. सगळ्यांना उपसागरात नांगरलेल्या त्यांच्या शिडाच्या बोटींवर पोचवायचं आणि रविवारी परत आणायचं. "काय तांडेल, वारा कसाय?" एवढाच संबंध. त्याची बायको सोआझिग क्लबच्या खानावळीत काळ्या गव्हाची धिरडी भाजायची. भाजता भाजता तिने सगळ्यांच्या सफरी ऐकल्या, पण लाँचमध्ये कधी पाय ठेवला नाही. 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटीच होती तिथे.

"मला एकदा पाण्यावरून आपल्या घराची खिडकी बघायचीय," ती म्हणायची. "सगळी दुनिया बघते तिथून. मलाच ठाऊक नाही आपलं घर कसं दिसतं."

तेवढ्यासाठी गिल्दासने जुन्या गोदीत अकरा हिवाळे घालून बोट बांधली. जानेवारीत सोआझिगच्या खुब्यात लोखंड बसवलं, आणि तो सहा आठवडे रेन शहरातल्या इस्पितळात तिच्या उशाशी बसला. दोघं परत आली तर गोदीच्या तोंडावर तयार पूल आणून ठेवलेला.

गोदीच्या तोंडाशी दगडी उंबरा आहे. ओहोटीला बाहेरचा समुद्र पार निघून जातो, तेव्हा तो आतलं पाणी धरून ठेवतो. गिल्दासने उंबऱ्यापासून पुलाच्या पोटापर्यंत अंतर मोजलं. मग डोलकाठी आडवी पाडली असं धरून बोट मोजली, तळापासून केबिनच्या छपरापर्यंत. बोट एक वीत जास्त भरली. पाणी कमी असलं की तळ उंबऱ्याला टेकणार, जास्त झालं की छप्पर पुलाला. तोंडाचा आकारच लहान. भरती तरी काय करणार? रस्त्याने न्यावी म्हणाल, तर धक्क्यावरची क्रेन तुम्ही आधीच उचलून नेलीत, कॉफीच्या टेबलांना जागा हवी म्हणून.

तरीही मार्चच्या मोठ्या उधाणाला संध्याकाळी त्याने बोट पाण्यात सोडली.

"मोजलंयस ना? मग कशाला?" सोआझिगने विचारलं.

"पट्टी चुकली असेल."

"तुझी? एकतीस वर्षांत चुकली नाही ती?" असं म्हणत ती काठी टेकत चढली, उंच खुर्चीत बसली, थर्मास मांडीवर.

तळ उंबऱ्यावरून सुटेल एवढं पाणी चढल्यावर गिल्दासने बोट हळूच पुढे घेतली. छपराची कड पुलाला खरडली. त्याने इंजिन बंद केलं. बरोबर एक वीत.

वर आइस्क्रीम खाणारी माणसं वाकली. त्यांत क्लबचे एक डॉक्टर होते. "तांडेल! झकास बोट! अडकली का हो? छप्पर कापून टाका की!"

"तुमचं डोकं अडकलं दारात, तर कापाल?" सोआझिग खालून ओरडली. वरचे हसले. फोटो निघाले.

डोलकाठी त्याच छपराच्या तुळयांवर उभी राहते. ते कापलं तर उरेल तो हौद. गिल्दासने बोट हातभर मागे घेऊन दोर बांधला.

पाणी चढत होतं. पूल आणि पाणी यांच्यामधून उपसागराची लांबट पट्टी दिसत होती, तांबूस, त्यात दोन शिडं. सोआझिगने कॉफी ओतली, एक पेला त्याला दिला. पट्टी हातभर झाली, मग वीतभर, मग तळहाताएवढी. ती मान खाली करत गेली, दुखऱ्या खुब्यावर रेलून, शेवटची फट मिटेपर्यंत. मग तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"दिसलं का काही?" गिल्दासने विचारलं.

"शिडं दिसली. सभासदांची."

आता तुम्हीच सांगा. वही आहे, सही आहे, पट्टी आहे, सगळं आहे तुमच्याकडे. सोआझिगला तिच्या घराची खिडकी कधी दाखवता? तारीख सांगा.