मिशांतलं नाक

या, असे जवळ सरका. टाळ जरा मांडीवर ठेवा. आज एका संतापलेल्या बाईची गोष्ट सांगतो.

मूर्तिजापूरजवळ दुर्गाबाईंचं कपाशीचं वावर. गुलाबी बोंडअळीचा पतंग म्हणजे तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा जीव, पण देवानं त्याचं नाक ठेवलं कुठं? मिशांत! अंधारात मादी दिसत नाही. तिचा गंध वाऱ्यावर आला, की नर मिशा हलवत थेट तिच्या दारी. म्हणून वावरात सापळे टांगतात, आत मादीच्या गंधाची रबरी गोळी. नर अडकू लागले, की फवारणीची वेळ झाली समजायचं.

दुर्गाबाईंचे सापळे मात्र रिकामेच. नवरा महादेवराव खूश. "पाह्य, देवाची कृपा! एकबी पतंग नाई."

बाईंनी हिरवं बोंड फोडलं. आत अळी. शेजारचं फोडलं, त्यातही अळी. बाईंचं डोकंच फिरलं. सापळ्यांतल्या गोळ्या पिशवीत कोंबल्या आणि भर बाजाराच्या दिवशी, त्या विकणाऱ्या योगेशच्या कृषी केंद्रात जाऊन काउंटरवर आपटल्या.

"काहून रे, बोगस माल इकून राहिला? माह्यं वावर खाल्लं अळीनं!"

"काकू, बसा तं आधी..."

"बसाले नाई आली मी! या रे सारे, पाहा हा चोर!"

गर्दी जमली. घेतलेला माल तिथंच टाकून दोघे-तिघे चालते झाले. योगेशनं एक गोळी उचलून हुंगली.

"काकू, कोणं टांगल्या ह्या?"

"आमच्या बुढ्यानं. कीर्तनातून येता येता. काहून?"

"मोगऱ्याच्या अत्तराचा वास येऊन राहिला."

कीर्तनात आपल्या मनगटाला अत्तर लावतात ना? महादेवरावांनी ते भक्तिभावानं दोन्ही तळहातांना चोळलं होतं, आणि त्याच हातांनी गोळ्या टांगल्या होत्या.

घरी बाई कडाडल्या. "तुमच्या अत्तरापायी चांगल्या पोराले चोर म्हटलं मी!"

"अवं, देवाच्या दारचं अत्तर ते. त्यानं काय वाईट होते?"

"देवाले चालते. पतंगाले त्याची बायको पायजे, मोगरा नाई!"

नव्या गोळ्या बाईंनी स्वतः लावल्या, फवारणी केली, निम्मं पीक हाती लागलं. पण योगेशचं दुकान ओस पडलेलं. पुढच्या बाजाराला बाई त्याच पायरीवर उभ्या. आवाज तोच, राग तोच.

"ऐका रे! पोराचा माल खरा होता, माह्या घरचा हात चुकला! आता तोंडं काय पाहता? घ्या की माल!"

"काकू, हळू," योगेश कुजबुजला, "गिऱ्हाईक भिऊन राहिलं."

माणसं परतली, पण सारी नाही. 'चोर' ऐकलेल्या कितीकांनी 'खरा' ऐकलंच नाही. तेव्हा बाबांनो, दुसऱ्याला चोर म्हणण्याआधी आपला हात हुंगा, आणि देवापुढं तो जोडाल त्या वेळी, भर बाजारात गुमान शिव्या खाल्लेल्या त्या योगेशची आठवण असू द्या.