थेंबांची फुशारकी

मी डोळा बधिर करणाऱ्या थेंबांची बाटली. ऐकून घेणार असाल तर बोलते, पण मान खाली घालूनच बोलते.

ऑपरेशनच्या खोलीत माझ्या शेजारी एक बोथट सुई असायची. डोळ्याच्या मागे औषध सोडून ती डोळा पार निश्चल करते. तिचं नाव काढलं की माणसांचे चेहरे उतरतात. मला पाहून त्यांच्या जिवात जीव येतो. त्यावरून मी तिला हिणवायचे. माझ्यामुळे डोळा बधिर होतो, पण हलायचा थांबत नाही, हे मात्र मी सोयीस्कर विसरायचे.

एके दिवशी घड्याळवाले बाबा मोतीबिंदूसाठी आले. एक डोळा आधीच गेलेला. उरलेल्या डोळ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान चालायचं. डॉक्टरबाईंनी मास्कमधूनच विचारलं, "बाबा, थेंबांवर करू की इंजेक्शन देऊ? थेंबांवर करायचं तर माझं ऐकून डोळा स्थिर ठेवावा लागेल."

"हो," बाबा म्हणाले.

कशाला हो, ते कुणी विचारलं नाही. थेंबच ठरले आणि मी फुशारले.

दिव्याकडे बघत राहा, असं डॉक्टरबाई सांगत होत्या, पण डोळा भिरभिरतच होता. शस्त्राचं पातं डोळ्याला टेकणार तोच त्या 'हलू नका' म्हणाल्या, तर काहीतरी पुटपुटल्यासारखं वाटून बाबांनी मानच वळवली. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल ओरखडा उठला.

नर्स मुरलेली होती. तिने शांतपणे विचारलं, "बाबा, तुमच्या खिशात हत्ती आहे का?"

"हो."

कुणी हसलं नाही. बाहेर बसलेल्या बायकोला विचारलं तेव्हा ती रडकुंडीला आली. बाबा कित्येक वर्षं ओठ बघून बोलणं ओळखत होते. बहिरा म्हटलं तर ऑपरेशन करणार नाहीत, या भीतीने दोघांनी ते लपवलं होतं. इथे तर सगळ्यांचेच ओठ झाकलेले.

मग त्या बोथट सुईलाच बोलवावं लागलं. डोळा शांत झाला. ओरखडा वरवरचाच निघाला आणि ऑपरेशन पार पडलं. मला तोंड लपवायला जागा नव्हती. तो 'हो' माझ्यासाठी नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी खूश झाले होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "मला ऐकू येत नाही. सांगायची लाज वाटली."

डॉक्टरबाईंनी मास्क खाली ओढला. "मीही नीट विचारलं नाही, बाबा."

मला उघडून आता महिना होत आला, त्यापुढे मला वापरत नाहीत. आज-उद्या कचऱ्यात जाईन. जाताना एकच मागणं आहे. सुईच्या भीतीने मला निवडू नका. आधी आपलं खरं काय ते सांगा. त्या दिवशी माझ्या तोंडून नुसते थेंब पडले. तुम्हाला तर बोलता येतं.