हिरवा ठेव गो

"नानी, गजावरचं बोट काढ."

"कुठाय बोट?"

वजनकाट्यावर उभी राहून नानी बाहेर बघत होती. हाताचं एक बोट खिडकीच्या गजावर, पाखरू बसावं तसं. मी ते उचललं. अठ्ठावन्नचे साठ झाले.

माझं डोकं फिरलं. नानीच्या किडन्या निम्म्याहून जास्त गेल्यात; वजन वाढलं म्हणजे अंगात पाणी साठलं. रोज सकाळी तिचं वजन आणि सहा प्रश्नांची उत्तरं मी मोबाइलवर भरते, ती पेणला दवाखान्यात वृंदा सिस्टरला दिसतात. सगळं ठीक असलं तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. लाल झाला की कुवेतला सुफियानमामूलाही मेसेज जातो.

"हिरवा ठेव गो," नानी म्हणाली. "मागं लाल बघून काम टाकून पळत आला. परत घेतला नाय त्यांनी. आता कुठं नवी कंपनी लागलीय."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "झोप चांगली लागली?"

नानी स्वतःशीच हसली. "खाडी आली होती गो अंगणात. भरतीची. आवाज नाय, काय नाय. मी चाललेय तिच्यातून धरमतरला, आणि सुफियान पुढं, एवढासा. हाका मारतेय, पण पायच उचलत नाय."

"हो का नाही, तेवढंच विचारलंय."

"मग हो लिही."

"पायाला सूज?"

"नाय."

"धाप?"

"पाण्यातनं चालल्यावर लागणारच की. पण ती स्वप्नातली. ती कशाला लिहितेस?"

मिठागरांवरचा पांढरा उजेड आत आला होता. त्यात नानीचा फुगलेला चेहरा विरघळल्यासारखा दिसत होता. मागे भिंतीला टेकवलेल्या दोन उशा, त्यांत तिच्या पाठीचा खळगा. तीन दिवस बघतेय मी. सिस्टरने सांगितलं होतं, माणूस बसून झोपायला लागला की समजायचं, पाणी छातीत चढलंय.

मी सुजेला 'हो' दाबलं. धापेलाही. झोपेला 'नाही'.

"काय केलंस?"

"लाल."

"कार्टे." तिने तोंड फिरवलं.

पाच मिनिटांत वृंदा सिस्टरचा फोन. मी स्पीकरवर टाकला. "आजी, आडवं झोपता येतंय का?"

नानी माझ्याकडे बघत राहिली. मी फोन तिच्या पुढ्यात सरकवला.

"नाय," ती शेवटी म्हणाली. "तीन रात्री बसून काढल्या."

"आत्ताच निघा. मी इथंच आहे."

नानीचे पाय तिच्या चपलांत जाईनात. मी मामूच्या जुन्या चपला काढल्या, त्याच्या अंगठ्याचे खड्डे पडलेल्या. त्या बरोबर बसल्या.

रिक्षापर्यंत पोचायच्या आधीच मामूचा व्हिडिओ कॉल. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"अम्मी, खरं सांग. निघू मी?"

नानी थांबली. दम खाल्ला. मग मला म्हणाली, "खाली धर गो. पाय दाखव त्याला."

मी दाखवले, सुजलेले, त्याच्याच चपलांतले. नानी चालत राहिली, एक पाऊल, मग थांबून दुसरं.