झरीच्या वळणावर फुटलेला पाइप

लाल तेलाची रेघ, वळणापासून रस्त्याच्या कडेपर्यंत.

वापीच्या कंपनीत गेलेला नवरा, फोन न उचलणारा.

ठिबकच्या नळ्या जोडताना गुंडाळतात तो पांढरा टेप.

चिकू तोडणारी बाई पहिल्या दिवशी ज्या गाडीत बसते, हंगामभर त्याच गाडीत बसते. कैनाड गावात हे कुणी ठरवलेलं नाही. मोडतही कुणी नाही.

उद्या पहिला दिवस.

*

तर निलम. जीप जुनी, तिच्या नवऱ्याने, संदीपने, भंगारातून उभी केलेली. तो गेल्यापासून तीच चालवायची. झरीला भाडं सोडून फिरताना पॉवर स्टेअरिंगचा पाइप फुटला आणि चाक असं जड झालं, जणू खालून कुणी धरून बसलंय. दात खात तिने गाडी तलासरीपर्यंत ओढली आणि नविनच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर लावली. पहाटे बायकांना घोलवडला नेलं नाही, तर हंगामभर ही जीप अंगणात कोंबड्यांना बसायला.

फुटका पाइप काढून तिने काउंटरवर आपटला. "असाच दे."

नविनने तो उलटसुलट केला. "असा नाय भेटणार."

"मग मागे लटकतायत ती काय तोरणं?"

"बेन, त्यातला देईन. उद्या परत फुटला की माझ्या नावाने बोंबलशील."

"उद्या कशाला, आत्ताच बोंबलते."

नविन चरफडत बाहेर आला. पाइपाचा नट त्याने जीपच्या पंपावर बोटांनी फिरवून पाहिला. दोन आटे सुरळीत गेला आणि अडला. मग त्याने नखाने आट्यांतून पांढऱ्या टेपचा चोथा उकरून काढला.

"हा कोणी बसवला?"

"दिराने. लक्ष्याने. चिकूच्या वाड्यांत ठिबक बसवतो."

"तरीच पाण्याचा नळ जोडलाय. पंप एका गाडीचा, पाइप दुसऱ्या गाडीचा. आटे जुळेनात, तर टेप भरला नि पान्याने आवळला. तू सँपल घेऊन आलीस, नि सँपलच खोटं."

"मग खरं कुठे मिळतं?"

"मिळत नाय. बनवावं लागतं. एका तोंडाला पंपाचा नट, दुसऱ्याला खालच्या स्टेअरिंग बॉक्सचा. पण माझी शटर ओढायची वेळ झाली."

"ओढ. मी आत बसते."

शिव्या पुटपुटत त्याने नव्या पाइपाला दोन्ही तोंडं प्रेस करून दिली. ते चालू असतानाच मोटारसायकलवरून लक्ष्या आला. बातमी त्याच्यापर्यंत कशी जाते, हे निलमने विचारायचं कधीच सोडलं होतं.

"बाईच्या हातात गाडी गेली की पाइप फुटतात, वहिनी."

"पाइप तुझ्या हातचा होता. टेपासकट."

"वर्षभर चालला ना?"

"गळला वर्षभर. तेल मी ओतत होते."

"गाडी घराची आहे. दादा वापीला गेला म्हणून तुझी नाही झाली."

निलमने पाना उचलला. ती बॉनेटखाली वाकली. नवा नट बोटांनीच शेवटपर्यंत फिरला, पान्याने फक्त घट्ट करायचा उरला. दुसरं तोंडही तसंच. आता पंपाच्या डबीत नवं तेल ओतून आतली हवा काढायची होती, आणि त्याला दोघं लागतात: एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने तेल बघायचं. तिने नविनकडे पाहिलं.

"मी माल विकतो," नविन म्हणाला. "चाक फिरवत नाय."

राहिला लक्ष्या.

"बस वर," ती म्हणाली.

एरवी तांब्याभर पाणी द्यायला आढेवेढे घेणारा माणूस मुकाट चढून बसला.

"सावकाश. डावीकडे. आता उजवीकडे. टोकाला नेऊन दाबून धरू नकोस, तुझी ठिबक नाही ही."

डबीतल्या तेलावर फेस आला, ओसरला, परत आला. मग बुडबुडे थांबले. लक्ष्या एका बोटाने चाक फिरवत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"झकास झालं की, वहिनी."

त्याच्या तोंडून चांगला शब्द निघाला तो तिला खड्यासारखा लागला. पण घरी जायची घाई होती. तिने बॉनेट आपटलं.

*

पहाटे ती चावी मुठीत घेऊन अंगणात आली. जीप नव्हती. जिथे उभी होती तिथे तेलाचा थेंबही नाही. चाकांचे ठसे उतारावरून खाली गेलेले. गाडी रस्त्यावर नेऊनच इंजिन सुरू केलं असणार.

ती सोनीबाईच्या दारात धावली. तोडणाऱ्या बायका तिथेच जमायच्या. दारात फक्त सून, भांडी घासत.

"गेल्या ना सगळ्या. लक्ष्याने नेल्या, तुझ्याच जीपमधून. तू यापुढे येणार नाहीस म्हणाला."

निलमने मूठ उघडली. चावी होती.

वापीला जाताना संदीपने दुसरी चावी भावाच्या हातात दिली होती.